तुझा हात वर झाला नाही

तू अजून जिवंत होतास तेव्हाच त्यांनी 'दादा अमर रहे' म्हणायला सुरुवात केली, वशा. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि डोळे उघडे होते. तू म्हणालास, "अक्का, घरी जाऊ." मी वाकले होते म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर तेही त्या गलक्यात गेलं असतं. तुझा कार्यकर्ता दिनेश माइक तोंडाशी धरून पुन्हा ओरडला, "दादा", आणि उपोषणाच्या मंडपातली आणि मंडपाबाहेरची सगळी माणसं ओरडली, "अमर रहे."

मी त्याला म्हटलं, "अरे, जिवंत आहे तो. हे मेलेल्याला म्हणतात."

त्याने माझ्याकडे बघितलं. तो रडत होता. "अक्काजी," तो म्हणाला, "दादा मरतात का कधी?"

तू मरत होतास. मला दिसत होतं. नवरा गेला तेव्हा मी शेजारीच बसले होते, त्यामुळे नखं कशी निळी पडतात ते मला माहीत आहे. पण त्या मंडपात नखांकडे कोणी बघत नव्हतं. सगळे तुझ्या हाताकडे बघत होते. उजव्या. तो हात वर होतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

तुझा जन्म, तुझं शिक्षण, कोणत्या आंदोलनात किती दिवस तुरुंगात होतास, हे सगळं फ्लेक्सवर छापून देवासच्या चौकाचौकात लावलेलं आहे. मी ते लिहिणार नाही. मी फक्त त्या हाताचं लिहिणार आहे, कारण त्यावरून लोक खोटं बोलताहेत. खोटं आहे हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून ते जास्त वाईट.

त्या दुपारी साहेब आले होते. कलेक्टर कचेरीतले, चष्मेवाले. त्यांच्या हातात कागद होता आणि त्यांनी तो उभ्याने वाचला. कारखान्याचं नाल्यात सुटणारं पाणी बंद करू. वस्तीपर्यंत नर्मदेच्या पाण्याची लाइन टाकू. लाइन येईतो रोज टँकर पाठवू. भरपाईचं तेवढं 'विचार करू' असं लिहिलं होतं. वस्तीतल्या हापशांना ते पिवळं, वास मारणारं पाणी लागल्यापासून तू जे मागत होतास त्यातलं बहुतेक सगळं त्या कागदात होतं. साहेबांनी वाचून संपवलं आणि म्हणाले, "समिती मान्य करते का?"

समितीने तुझ्याकडे बघितलं. मंडपाने तुझ्याकडे बघितलं.

तू माझी दोन बोटं दाबलीस. तुझ्यात तेवढंच बळ उरलं होतं. हात चटईवरून वीतभर उचलला गेला, थरथरला आणि पडला.

मागून कोणीतरी म्हणालं, "दादा ने हाथ नी उठायो." मग ते पुढे पुढे गेलं, पार रस्त्यापर्यंत गेलं. दादांनी हात उचलला नाही. दादांना कागद मान्य नाही. बाहेर टाळ्या पडायला लागल्या.

मी ओरडले, "त्याला उचलता येत नाहीये." तुझं मनगट धरून मीच हात वर केला. दिनेशने हळूच माझी बोटं सोडवली. दांडगाई केली नाही, ते मी सांगते. देवघरातल्या मूर्तीला शिवलेल्या पोरीला बाजूला करावं तसं मला बाजूला केलं. म्हणाला, "अक्काजी, तुम्ही नका उचलू. उचलायचा असेल तर दादा स्वतः उचलतील."

मी साहेबांना म्हटलं, "तुम्ही तरी उचला ह्याला. दवाखान्यात न्या." ते मंडपाबाहेर बघून म्हणाले, "माताजी, बाहर देख रही हैं आप?" मी बघितलं. पोलीस त्या माणसांच्या मागे उभे होते आणि माणसं संपत नव्हती. साहेबांनी कागदाची घडी केली. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते गेले.

हे असं कसं झालं ते मला नीट लावता येत नाही. आपण नळावरची माणसं, वशा. बाबा भुसावळकडून इथल्या कारखान्यात आले, आणि आपण मोठे झालो ते रांगेत. देवासला पाणी कधी पुरलं? पहाटे हंडा, कळशी, डबा ठेवून यायचं, जागा धरायची. बायका झिंज्या धरायच्या. तू एवढासा होतास, चड्डी घसरायची, आणि नळाच्या कट्ट्यावर उभा राहून म्हणायचास, "ज्याचं भांडं आधी, त्याचा नंबर आधी." एकदा आईची कळशी उशिरा आली. शेजारणी म्हणाल्या, असू दे, ती तुझी आई आहे, लाव पुढे. तू लावली नाहीस. आईने घरी आणून तुला बदडला आणि रात्री तुझ्या पाठीला तेल लावताना हसत होती. तू म्हणायचास, रांगेत कोणी मोठं नसतं. ते तुझं सगळ्यात चांगलं वाक्य होतं. नंतरच्या तुझ्या भाषणात मी ते कधी ऐकलं नाही.

आंदोलन सुरू झालं तेव्हा तू तसाच होतास. तेव्हा मी सासरहून, धारहून, फोन करायची आणि तू सगळं सांगायचास. वस्तीतल्या कडुलिंबाखाली सभा. कोणीही बोलावं. मग हात वर करायचे. वेल्डिंगवाला शरीफभाई हात मोजायचा आणि गंगूबाई त्याची मोजणी पुन्हा मोजायची, कारण तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. गंगूबाई म्हणजे मंडीत सोयाबीन निवडायला जाणारी, कोणाला भीत नाही ती. तुला बायपास अडवायचा होता. ती म्हणाली, "बायपास अडवून काय, ट्रकवाले येऊन आपल्या टाक्या भरणार आहेत? कलेक्टरच्या दारात बसू. त्याला लाज वाटली तर वाटली." हात मोजले आणि तू हरलास. घरी जाऊन जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी गुपचूप कलेक्टरच्या दारात बसलास आणि पहिला टँकर आला. फोनवर तू किती हसत होतास. "अक्का, म्हातारीने जिंकवलं गं."

मग लाठी पडली. तुझं डोकं फुटलं, टाके पडले, आणि पट्टी बांधलेला तुझा फोटो पेपरात आला. त्या फोटोत तुझा उजवा हात वर आहे. त्या पट्टीनंतर सगळं बदललं. सभेत कोणी हात वर करायच्या आधी तुझ्याकडे बघायला लागलं. तू हात वर केलास की सगळे करायचे. तू नाही केलास की कोणी नाही. शरीफभाईचं मोजणं बंद झालं. मोजायचं काय? एक तर सगळे, नाहीतर कोणीच नाही.

मी तुला म्हटलं होतं. धारला, माझ्या ओट्यावर. "वशा, हात मोजत जा."

तू म्हणालास, "मोजायला लागलं की भांडणं होतात, अक्का. भांडत बसून पाणी येत नाही."

"मग नळावर काय होतं? भांडणंच होती. पाणी आलंच की."

"तू चौथी शिकलीस, तुला संघटना काय कळते?"

मी म्हटलं, "मला एवढं कळतं की एकाच खुंटीवर सगळ्या घराचे कपडे टांगू नयेत."

तू चिडून गच्चीवर जाऊन झोपलास. ते भांडण तिथेच राहिलं. मला वाटलं, पुन्हा येशील तेव्हा बोलू. म्हातारी माणसंही असलं काही समजतात.

तुला आवडायचं ते, वशा. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण मी तुझी बहीण आहे, मला ते जमत नाही. लोक पाया पडायला यायचे तेव्हा सुरुवातीला तू पाय ओढून घ्यायचास. मग नुसतं "अरे, राहू दे" म्हणायचास, पाय तिथेच. मग तेही म्हणेनासा झालास. मी हे सगळं बघत होते. वस्तीतल्या बायकांनी तुझा फोटो देवाच्या ओळीत लावला, आणि एकीने त्याला दूध वाहिलं. त्या वस्तीत पोरं कोऱ्या चहावर वाढतात आणि ही बाई फोटोला दूध वाहते. तू तिला काही बोलला नाहीस. मी तिला बोलले, तर ती म्हणाली, "दादाच्या कृपेने टँकर येतो, अक्काजी." मी म्हटलं, "टँकर गंगूबाईच्या अकलेने आला." तिला ते आवडलं नाही.

गेल्या भाऊबीजेला तू धारला आलास ते चार माणसं घेऊन. माझ्या दोन खोल्यांत. दिनेश होताच. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि ते तुझ्यासाठी महिना महिना बंद ठेवायचा. मी तुला ओवाळलं आणि म्हटलं, "पोट सुटलंय, वशा. भाषणं कमी कर, चाल जरा." दिनेश पुढे झाला. "अक्काजी, दादांना असं नका बोलू."

"बरं," मी म्हटलं, "मग काय बोलू? ह्याचा शेंबूड मी पुसलाय, त्याचा तरी उल्लेख करू का?"

तू हसलास. ते चौघं हसले नाहीत, पण माझ्या सगळ्या चकल्या संपवल्या. निघताना तू मागे राहिलास, चप्पल शोधायचा बहाणा करून. हळूच म्हणालास, "अक्का, हे लोक माझं ऐकत नाहीत गं."

मी म्हटलं, "तुझ्याशिवाय ऐकतात कोणाचं?"

"दादाचं ऐकतात. माझं नाही."

तेव्हा मला ती थट्टा वाटली. बाहेरून दिनेशने गाडीचा हॉर्न वाजवला आणि तू गेलास.

मग हे उपोषण. तुला साखळी उपोषण करायचं होतं. आज हे पाच, उद्या ते पाच, कोणाच्या जिवाला घोर नाही. तूच मला फोनवर सांगितलं होतंस आणि मी म्हटलं होतं, हे शहाणपणाचं आहे. सभेत दिनेश माइकवर बोलायला उभा राहिला, त्याला भरून आलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "आपले दादा आमरण उपोषणाला बसतील." त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तुला विचारलं नव्हतं. टाळ्या पडल्या, बायका रडल्या, फटाके वाजले. तुझ्या मरणाला फटाके. आणि तू काय केलंस? तू हात वर केलास.

का रे? मी तुला मंडपात विचारलं. तेव्हा तुला बोलता येत होतं. तू म्हणालास, "एवढी माणसं उभी होती, अक्का. नाही कसं म्हणू?"

"तोंडाने म्हणायचं. नाही. दोन अक्षरं."

"मग ते म्हणाले असते, दादा घाबरले."

"म्हणू देत. घाबरलेलं माणूस जेवतं."

तू डोळे मिटलेस. हेही भांडण अर्धंच राहिलं आहे. ह्या भांडणात मी बरोबर होते आणि त्याचा मला काही उपयोग नाही.

तुझ्याबरोबर आणखी दोघं बसले होते. गंगूबाई आणि शरीफभाई. तुला एकट्याला कसं बसू द्यायचं म्हणून बसले. गंगूबाई लवकरच चक्कर येऊन पडली. तिची सून आली, पदर खोचलेला, हातात डबा. सगळ्या मंडपासमोर म्हणाली, "सासूबाई, पोरांना काय मी एकटीने सांभाळू? उठा. हे मुगाचं पाणी आहे, प्या, नाहीतर मी इथेच बोंब मारते." गंगूबाई प्यायली. सून तिला रिक्षात घालून घेऊन गेली. कोणी अडवलं नाही. दोन पोरं हसली, "काकीसे नी हुओ," काकीला झेपलं नाही म्हणे. झालं, संपलं.

शरीफभाईला ताप चढला तर त्याचा भाऊ दुकानातून तसाच आला, हात काळे, आणि दंड धरून म्हणाला, "भिया, बहुत हो गई नेतागिरी. अम्मी बुला री है." अम्मी बोलावतेय म्हटल्यावर शरीफभाई उठला. त्यालाही कोणी अडवलं नाही.

मग मी धारहून आले. इंदूरला बस बदलून, उभ्याने, पिशवीत लिंबं आणि साखर घेऊन. मला वाटलं, एकाला सूनबाई घेऊन गेली, एकाला भाऊ घेऊन गेला, तर ह्याला बहीण घेऊन जाईल. मी मंडपात लिंबाचं पाणी केलं आणि चमचा तुझ्या ओठाला लावला. लगेच चार हात मध्ये आले. बायका म्हणाल्या, पाप लागेल, अक्काजी, दादांचं व्रत मोडू नका. मी म्हटलं, व्रत कसलं, हे काय सोळा सोमवार आहेत? एकीने माझ्या हातातला पेला घेतला, अगदी मानाने, आणि त्यातलं पाणी मंडपाच्या खांबाशी तुळशीच्या कुंडीत ओतलं. तुझ्यासाठी आणलेलं लिंबू तुळस प्यायली.

डॉक्टर आले होते, सरकारी. तरुण होते. पोरांनी त्यांना मंडपाभोवतीच्या दोरीच्या बाहेरच उभं केलं. "दादा ठीक हैं, डॉक्टरसाब. दादांच्यात शक्ती आहे." तुला साखरेचा आजार होता हे कोणी त्यांना सांगितलं नाही. दिनेशला माहीत होतं. तुझ्या गोळ्या तोच आणायचा, लपवून आणायचा, कारण दादा आजारी आहेत हे लोकांना कळू नये. मी दोरीपाशी जाऊन डॉक्टरांना सांगेपर्यंत त्यांची जीप वळली होती. तू एवढा मोठा झाला होतास की तुला आजारी पडायची सोय उरली नव्हती.

त्याच दिवशी, कागद यायच्या आधी, तू मला म्हणालास, "अक्का, जे देतील ते घ्या म्हणावं. टँकर तरी रोज येईल." हे तुझं नीट बोललेलं शेवटचं. मी तसंच जाऊन दिनेशला सांगितलं. तो म्हणाला, "आम्हाला तर दादा काही बोलले नाहीत." मी म्हटलं, "माझ्याशी बोलला." तो म्हणाला, "तुम्ही बहीण आहात, तुमचं मन कच्चं आहे. दादांना मान्य असेल तर ते हात वर करतील. आजवर तसंच झालंय." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. तुमच्यात खरंच तसंच होत आलं होतं. तूच शिकवलं होतंस.

तुझा श्वास घरघरायला लागला तेव्हा कुठे त्यांनी जीप आणली. तोवर 'अमर रहे' सुरू होऊन बराच वेळ झाला होता. जीप मंडपातून रस्त्यापर्यंत यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी इंदूरला पोहोचले असते. दर्शन घ्यायला माणसं बॉनेटवर आडवी पडत होती. खिडकीतून हात आत येत होते आणि तुझ्या पायांना लागत होते. कोणी झेंडूची फुलं टाकली, ती तुझ्या तोंडावर पडली, आणि मी ती वेचून बाहेर फेकत होते कारण तुला श्वास घ्यायचा होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, रडत होता, शिव्या देत होता. "अरे हटो, मर जायेगा यार." कोणी हटलं नाही. त्यांना वाटलं, जाण्याआधी एकदा हात लागावा. वशा, ती वाईट माणसं नव्हती. त्यातल्या अर्ध्या बायका मी ओळखते. त्यातल्या प्रत्येकीने तुझ्यासाठी किडनी काढून दिली असती. रस्ता तेवढा दिला नाही.

तू जीपमध्येच गेलास. रेल्वे फाटकाच्या अलीकडे. मी कोणाला लगेच सांगितलं नाही. दवाखाना येईतो मी तुझा उजवा हात माझ्या हातात धरून बसले. तो आता मी कितीही वर केला असता तरी कोणी मला अडवलं नसतं.

माझ्या नवऱ्याच्या पाठीमागे तू दर रविवारी देवासहून धारला यायचास. माझं सांत्वन केलं नाहीस कधी. हरभऱ्याची जुडी आणायचास, पुढ्यात टाकायचास आणि म्हणायचास, "सोल." आपण दोघं सोलत बसायचो. संध्याकाळच्या बसने परत जायचास. वर्षभर आलास. त्या सोललेल्या हरभऱ्यावर मी जगले, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात असलं बोलायची रीत नाही. आता लिहिते, कारण आता तुला ते ऐकून काही फरक पडणार नाही आणि मला लाज वाटणार नाही.

तेराव्याला वस्तीत सभा झाली. साहेब पुन्हा आले होते, तोच कागद घेऊन. तू गेल्यावर वरून दबाव आला असेल, किंवा माणूस चांगला असेल, मला माहीत नाही. म्हणाले, अजूनही सही करा, मी उद्यापासून काम लावतो. लिंबाच्या झाडाला तुझा तो पट्टीचा फोटो टांगलेला होता, मोठा केलेला, हार घातलेला. हात वर.

दिनेश उभा राहिला. त्याने दाढी वाढवली होती आणि तो वाळला होता. म्हणाला, "ज्या कागदाला दादांनी हात वर केला नाही, तो कागद आपण घेणार नाही."

मी उठले. म्हटलं, "त्याला हात उचलता येत नव्हता. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्याला हा कागद हवा होता. मला तो तसं म्हणाला. आता हात मोजा, पूर्वी मोजायचात तसे."

गंगूबाई काठी टेकत उठली. "मोजा. वसंता असेच मोजायला लावायचा."

"काकी," दिनेश म्हणाला, "तुम्ही तर उपोषण अर्ध्यात सोडून घरी गेलात. तुम्हाला बोलायचा हक्क नाही."

"हो, गेले," गंगूबाई म्हणाली. "म्हणून तर तोंड आहे. मेले असते तर तू माझाही फोटो टांगला असतास आणि माझ्या तोंडून तुला पाहिजे ते बोलला असतास."

कोणी हसलं नाही. तिने हात वर केला. मी केला. मागे शरीफभाईने केला आणि सवयीने मोजायला लागला, आणि तीनवर थांबला. बाकीचे सगळे तुझ्या फोटोकडे बघत होते. फोटोत हात वर होता, पण कागदाला होता की लढ्याला होता हे फोटो सांगत नाही. दिनेश फोटोकडे बोट करून म्हणाला, "बघा, दादा म्हणताहेत, लढा चालू ठेवा." लोक म्हणाले, खरं आहे. आता कायमचं असंच होणार आहे, वशा. ज्याला जे हवं असेल ते तो त्या हाताकडे बोट करून म्हणेल, आणि तू नाही म्हणायला येणार नाहीस. जिवंत होतास तेव्हाही आला नाहीस.

साहेबांनी कागद खिशात घातला. त्या आठवड्यात त्यांची बदली झाली म्हणे. टँकर येईनासा झाला. हापशाचं पाणी मी काल बघून आले. पिवळंच आहे. भांड्यात ठेवलं की वर तवंग येतो. गंगूबाईची सून तेच उकळते आणि पोरांना देते, दुसरं काय देणार?

चौकात तुझा पुतळा करणार आहेत. त्यासाठी पाइपलाइनीसारखं कोणाच्या पाया पडावं लागत नाही, वर्गणी आपसूक जमते. परवा दिनेश तुझ्या चपला मागायला आला होता, काचेत ठेवायला. दारात उभा राहिला, आत येईना. मी म्हटलं, "जेवलास का?" म्हणाला, नाही. मी त्याला भाकरी आणि बेसन वाढलं. तो जेवला आणि ताटावर रडला. "अक्काजी," म्हणाला, "दादांना खरंच उचलता येत नव्हता का?"

मी म्हटलं, "नव्हता."

त्याने ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आता हा उठेल, वस्तीत जाईल आणि हे सांगेल. एवढं एक झालं असतं तर मी बाकीचं सोडून दिलं असतं. त्याने हात धुतले आणि म्हणाला, "नाही, अक्काजी. दादांनी ठरवूनच नाही उचलला. नाहीतर मग..." नाहीतर मग काय ते मला कळलं. त्यालाही कळलं होतं. ते कळून घेऊन त्याला जगता आलं नसतं.

चपला मी त्याला दिल्या नाहीत. त्या शरीफभाईला दिल्या. त्याच्या मापाच्या आहेत आणि त्याच्या फाटल्या होत्या.

तू वेडा होतास, वशा, आणि तू चांगला होतास, आणि मी तुझ्यावर रागावलेली आहे. तो राग जाणार नाही. माझं वय झालंय, तो माझ्याबरोबरच जाईल. एखादा जरी तुझ्या जवळचा त्या मंडपात तुला म्हणाला असता, ऊठ रे वशा, पुरे झालं, आई बोलावतेय. आई असती तर फरफटत नेला असता तुला. मी नेऊ शकले नाही. त्या मंडपात तुला वशा म्हणणारी मी एकटीच होते, बाकी सगळ्यांचा तू दादा होतास.

उपोषणाला तुम्ही तिघं बसला होतात. गंगूबाई जिवंत आहे. शरीफभाई जिवंत आहे.